बुधवारची उपासना

हिंगण्याच्या कारखान्यांमागच्या छोट्या चर्चची किल्ली सत्यवतीबाईंच्या कमरेला असे आणि तिखट जीभ तोंडात. मंडळी दोन्हींना बिचकून असे. नवरा गेल्यापासून बाईंचा जीव त्या एका जागीच रमायचा. रोज सकाळी झाडलोट करून पुढच्या बाकावर घटकाभर प्रार्थना केली, की गुडघेदुखीसकट अख्खा दिवस निभून जाई. मग कुलूप लावून त्या घरी जात. रविवारी उपासनेला मात्र चार म्हातारी माणसं सोडली तर कुणी फिरकत नसे.

पाळक रुपराव शहरातून येत. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी मान खाली घालून सांगितलं, की ईस्टरनंतर इथलं दार बंद करून उरलेल्यांना शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये सामावून घ्यायचं ठरत आहे. रडण्यापेक्षा रागावणं बाईंना नेहमीच सोपं जाई.

त्या तडक जितेंद्रच्या खोलीवर गेल्या. या पोराचा बाप्तिस्मा त्यांच्या डोळ्यांदेखत झालेला, आणि आता वर्ष झालं, तोंड दाखवायला तयार नाही! आज त्याची बिनपाण्याने करायचीच होती. दार त्याच्या बायकोनं, श्वेतानं उघडलं. जितेंद्र ड्यूटीवर गेला होता. रविवारची कसली ड्यूटी, असं बाईंनी दरडावून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की त्याच्या कंपनीची सुट्टी बुधवारी असते.

"मंग बुधवारी कुठं उलथते तो?"

श्वेता घुटमळली. "चर्चमध्येच येतेत, काकू. संध्याकाळी. कंपनीतले अजून काही जण राहतेत संगं. कुलूप असते, मंग पायरीवर बसून प्रार्थना करतेत अन् वापस येतेत."

"मले किल्ली काहून नाही मांगितली?"

"तुमचा भेव वाटते त्यायले," ती हळूच म्हणाली.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तशी गत. ज्यांनी चर्चला यावं म्हणून बाई रोज सकाळी प्रभूपाशी रडत होत्या, ते संध्याकाळी त्यांच्याच कुलपापुढं बसत होते. बाईंना शरम वाटली. श्वेतानं पुढं केलेला चहा त्यांनी प्यायला, आणि घरी जाऊन बुधवारी संध्याकाळी उपासना घ्या म्हणून पाळकांना फोन लावला. रविवार सोडून उपासना कशी, असं त्या स्वतःच कालपर्यंत म्हणाल्या असत्या.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी दार सताड उघडं ठेवलं. जितेंद्र आधी उंबऱ्यातच थबकला. मग त्याच्यामागून कंपनीतले सोबती आले, त्यांच्या बायका आल्या, कडेवर लेकरं आली. पाळकांनी गीत सांगितलं आणि तरण्या आवाजांनी पत्रे दणाणले. उपासनेच्या शेवटी पाळक म्हणाले की वर कळवतो, हे चर्च चालू आहे. फक्त वार चुकला होता. मग त्यांनी बाईंना प्रार्थना करायला सांगितलं.

बाई उठल्या. एरवी घडाघडा चालणारी जीभ आज जड झाली होती. डोळे मिटून त्या कशाबशा म्हणाल्या, "प्रभू, तू बाहेर पायरीवर बसून होता, अन् मी आत तुले हाका मारून राहिली होती."