विठ्ठलरावांचं धोतर कोणी फाडलं

गेल्या महिन्यात आमच्या मंदिराच्या सभागृहात माझ्या सासऱ्यांच्या आठवणीची सभा झाली. विठ्ठलराव म्हणजे म्हैसूरच्या आमच्या शिंपी समाजातलं मोठं नाव. चाळीस वर्षं एकादशीचं भजन त्यांनी चालवलं. फोटोला मोगऱ्याचा हार घातला होता आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही सगळे बसलो होतो. सयाजीराव म्हणजे सासऱ्यांचे भजनातले जोडीदार. त्यांचा मुलगा कृष्णमूर्ती बोलायला उठला आणि म्हणाला की विठ्ठलराव काळाच्या पुढे होते, नातीसाठी त्यांनी स्वतःच्या हातानं एकादशीचं धोतर फाडलं आणि जुनी चाल मोडली. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

का उभी राहिले ते नीट सांगते, कारण त्या दिवशी निम्म्या लोकांना वाटलं की म्हातारपणी माझं डोकं फिरलं.

आमच्या घरात बाळाचे लंगोट दोन जातींचे असत. मुलग्याचे वेगळे आणि मुलीचे वेगळे. मामंजी एकादशीच्या भजनाला लाल काठाचं एक सुती धोतर नेसत. ते फक्त त्याच दिवशी नेसायचं, हातानं धुवायचं, खळ घालायची नाही. दोन वर्षांत ते इतकं मऊ व्हायचं की हातात घेतलं तरी कळू नये. मग ते ट्रंकेत जायचं आणि मामंजी नवीन घ्यायचे. घरात नातू झाला की पाचव्या दिवशी मामंजी ते धोतर बाहेर काढत आणि हातानं फाडत. कात्री लावायची नाही. काठाला दातानं चीर द्यायची, दुसरं टोक सासूबाईंनी धरायचं आणि मामंजींनी ओढायचं. त्या तुकड्यांचे लंगोट पुढच्या दोरीवर वाळत पडले, लाल काठ दिसले, की समाजातलं येणारं-जाणारं माणूस पेढे मागायला आत शिरे. मेटगळ्ळीच्या कारखान्यात असलेल्या माझ्या दिराला दोन मुलगे. दोघांच्या वेळी दोन धोतरं फाडली गेली.

मुलगी झाली तर दुकानातल्या कतरणीचे लंगोट शिवायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पहिल्या दोघींच्या वेळी मलाही वाटलं नाही, हे कबूल करते. त्या दोघी माझ्या माहेरी जन्मल्या आणि माझ्या आईनं तिची जुनी लुगडी फाडून सगळं निभावलं.

तिसरीच्या वेळी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरी झालं. कुवेंपुनगर तेव्हा नवीन वसत होतं. पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान आणि मागे आम्ही राहायचो. साल एकोणीसशे ब्याऐंशी. दवाखान्यातून मुलगी घेऊन आले तेव्हा मामंजींनी मशीनवरची मान वर केली नाही. मंदिरात फक्त निरोप गेला की घरात सोयर आहे, अकरा दिवस भजनाला येणं जमायचं नाही. काय झालं ते त्यांनी कळवलंच नाही.

माझा नवरा नरहरी मनानं चांगला माणूस. त्यानं पांढऱ्या पॉपलिनच्या कतरणीचे चौदा लंगोट शिवले. कोणाही शिंप्याला कच्ची कड म्हणजे उघडी लाज वाटते. त्यानं प्रत्येक लंगोटाला चारी बाजूंनी दुमड घातली आणि इतकी बारीक शिलाई मारली, की शर्टाची कॉलर व्हावी. मला आणून दाखवले तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. मीही शिंप्याची पोर. मीही म्हटलं की फार सुरेख झाले आहेत.

सातव्या दिवशी पोरीच्या मांड्यांवर त्या सुरेख शिलाईच्या रेघा उठल्या. आठव्या दिवशी कातडी सोलवटली. लंगोट ओला झाला की ती असं रडायची की मला अंगावरचं पांघरूण फेकून द्यावंसं वाटे. मी नरहरीला उघडं करून दाखवलं. चौदाच्या चौदा लंगोटांची शिलाई उसवून त्यानं दुमड आणखी बारीक करून आणली. मी म्हटलं, दुमड नकोच, कच्चं राहू दे. तो म्हणाला, सूत सुटेल. मी म्हटलं, सुटू दे. शेवटी त्यानं दुमड काढली, पण नव्या कापडातली खळ दोन धुण्यांत जाते थोडीच. कापड कडकच राहिलं.

आता कुणी म्हणेल, घरात जुनं सुती कापड नव्हतं का. नव्हतं. त्या काळात आम्ही सगळ्या नायलॉनच्या साड्या नेसून ऐटीत फिरत होतो. नरहरीच्या लुंग्या टेरिकॉटच्या. सासूबाईंची जुनी सुती लुगडी देऊन दारावरच्या भांडीवालीकडून स्टीलचे डबे घेतले होते, आणि ते डबे फळीवर चकाकत होते. घरभर कापडाचे गठ्ठे पडलेले आणि पोरीच्या ढुंगणाला लावायला हातभर मऊ चिंधी नाही. अशी आमची शिंप्यांची श्रीमंती.

मऊ सुती कापड घरात एकाच जागी होतं. मामंजींच्या ट्रंकेत. एक नव्हे, दोन धोतरं. दिराचे मुलगे झाल्यावर घरात मुलगा झालाच नव्हता, त्यामुळे ती साठली होती.

नवव्या दिवशी सकाळी मी सासूबाईंकरवी मागून बघितलं. बाळंतिणीनं सासऱ्यापुढे जायचं नसे, म्हणून त्या दाराशी उभ्या राहून बोलल्या आणि मी आतून ऐकलं. मामंजी चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मशीन चालवता चालवता शांतपणे म्हणाले, "ते त्याच्यासाठी ठेवलंय."

त्याच्यासाठी म्हणजे जो अजून झाला नाही त्याच्यासाठी. मी मांडीवरच्या पोरीकडे बघितलं. न जन्मलेल्याला दोन धोतरं आणि जन्मलेलीला जखमा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. रडू वगैरे आलं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत बाई रडते असं सगळ्यांना वाटतं.

दुपारी जेवणं झाली आणि दुकानात मशीन पुन्हा सुरू झालं. मी पोरीला पाटीत निजवलं, उठले आणि मधल्या खोलीत जाऊन ट्रंक उघडली. बाळंतिणीनं खोलीबाहेर पाऊल टाकायचं नसतं. टाकलं. वरचं धोतर काढलं, उलगडलं, काठाला दातानं चीर दिली. पण पाच वारी धोतर एकटीनं फाडता येत नाही, ते लोंबतं, ताण बसत नाही. एक टोक पायाखाली दाबून मी ओढत होते आणि टाके दुखत होते. तेवढ्यात दारात सासूबाई दिसल्या. त्यांच्या हातात तेलाची वाटी होती.

मालतीबाई म्हणजे माझ्या सासूबाई, लग्नापासून त्या घरात कुणी त्यांचा मोठा आवाज ऐकला नव्हता. मला वाटलं, आता मामंजींना हाक मारतील. त्यांनी वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि माझ्या पायाखालचं टोक उचलून दोन्ही हातांनी घट्ट धरलं. एवढंच म्हणाल्या, "ओढ. सरळ ओढ, तिरकं जाईल."

मी ओढलं. जुनं धोतर फाटतं त्या आवाजाची शिंप्याच्या घरात कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. नवं कापड कर्रकन फाटतं आणि जुनं लांब, हलका श्वास सोडल्यासारखं. बाहेर आधी नरहरीचं मशीन थांबलं, मग मामंजींचं. आम्ही दोघी थांबलो नाही. सोळा तुकडे केले.

मामंजी दारात येऊन उभे राहिले. गळ्यात टेप होती. त्यांनी तुकड्यांकडे बघितलं, मग सासूबाईंकडे बघितलं, आणि त्या खाली बघत तुकड्यांच्या घड्या घालत राहिल्या. मला ते म्हणाले की सोयर फिटू दे, बाराव्या दिवशी तुला नंजनगूडला भावाकडे पोचवतो, पुढचं पुढे बघू. आणि ते लंगोट पुढच्या दोरीवर दिसता कामा नयेत, असं बजावून ते गेले.

मी पुढच्या दोरीवरच घातले. मागे घरमालकांच्या फणसाची दाट सावली होती आणि ओला लंगोट बाळाला चालत नाही. हे कारण खरंच होतं. पण फणस नसता तरी मी पुढेच घातले असते. मला मुलगी झाल्याचं शेजारच्या सीतालक्ष्मीला माहीत होतं. तिनं कुंपणावरून लाल काठ बघितले आणि कन्नडात थट्टेनं विचारलं, काय गं, "गंडु मगू" का? मी म्हटलं, मुलगा नाही, मुलगीच, आणि ढुंगण दोघांना सारखंच असतं. ती हसत आत गेली.

दोन दिवसांत पोरीच्या मांड्यांची लाली उतरली. अकराव्या दिवशी माझं न्हाणं झालं, घर धुतलं, सोयर फिटली, आणि त्याच संध्याकाळी एकादशी आली. नंजनगूडला जायची माझी पिशवी नरहरीनं भरून ठेवली होती. बापापुढे तोंड उघडणं त्याला जमत नव्हतं. त्यानं पिशवीत चौदा पॉपलिनचे लंगोटही घातले होते, आणि ते मी काढून फेकले.

सयाजीराव आणि भजनातले चौघे जण टाळ घेऊन मामंजींना न्यायला आले. फाटकापाशीच थांबले. दोरीवर सोळा लंगोट, सोळांना लाल काठ. सयाजीरावांचा चेहरा उजळला. "नातू झाला आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीत, विठ्ठलराव? सुम्ने, नुसतं सोयर आहे म्हणून निरोप धाडलात."

मामंजी पायरीवर उभे होते. नवं एकादशीचं धोतर नेसून, बुक्का लावून. मी पडद्याआडून बघत होते. खोटं बोलून नातू म्हणावं तर बारसं तोंडावर होतं. खरं बोलावं तर सुनेनं ट्रंक उघडली हे पाच माणसांपुढे सांगावं लागत होतं. माणूस चांगलाच अडकला होता आणि मला त्याची जराही दया आली नाही.

मी पोरीला घेऊन बाहेर आले. "मुलगी आहे," मी म्हटलं. "तिसरी."

सयाजीरावांनी माझ्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, मग मामंजींकडे वळले. "मग हे धोतर कसं फाटलं?"

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या आणि त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता. मग मामंजींनी खाकरून घसा साफ केला.

"मीच फाडलं," ते म्हणाले. "नात आहे माझी. का फाडू नये?"

पाचही जण थक्क झाले. सयाजीरावांनी तर वाकून त्यांच्या पायांना हात लावला. माझ्या जिभेवर शब्द आले होते. पण पाठीमागून सासूबाईंनी माझं मनगट दाबलं आणि माझ्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जो माणूस भर एकादशीला, बुक्का लावून, आपण नातीसाठी धोतर फाडलं म्हणतो, तो तिला नंजनगूडला कसा धाडणार? ते लंगोट दोरीवरून कसे उतरवणार? मी तोंड मिटलं.

पिशवी रिकामी झाली. महिन्याभरात लंगोट कमी पडायला लागले तेव्हा मी दुसरं धोतरही मागितलं, या वेळी पडद्याआडून नव्हे, समोर जाऊन. दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं आणि मामंजींची कीर्ती त्याच्याही कानावर गेली होती. मामंजींनी दिलं. वर्षभर माझी पोर त्या खोट्यावर कोरडी राहिली, आणि पुढे घरात नात झाली की धोतर फाडायचं, अशी समाजात चालच पडली. चांगलंच झालं. पण मामंजी माझ्याशी चार वर्षं धड बोलले नाहीत, आणि सासूबाईंनी त्या दिवसाबद्दल मरेपर्यंत एक अक्षर काढलं नाही. त्यांच्या आठवणीची सभा कधी झाली नाही.

म्हणून मी सभेत उभी राहिले. तीच पोर, आता चाळिशीची, शेजारच्या खुर्चीत बसून माझा पदर खाली ओढत होती. मी म्हटलं, "कृष्णमूर्ती, धोतर मी फाडलं. नागरत्नानं. आणि दुसरं टोक मालतीबाईंनी धरलं होतं. लिहून घ्या."

कृष्णमूर्ती चाचरत म्हणाला, अक्का, चाळीस वर्षं झाली, बोलायचंच होतं तर तेव्हाच बोलायचं.

"तेव्हा पोरीला लंगोट हवे होते," मी म्हटलं. "आता नकोत."