वुबितच्या मागची रांग

वुबितला धीर म्हणून नाहीच. अदिस अबाबाला येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते आणि रविवारी आमच्या धावण्याच्या क्लबची निवड होती. नाव आलं नाही तर परत गावी, भावाच्या दुकानात साबण विकायला. त्यामुळे तिला एका जागी चैन पडत नव्हतं.

आमचे कोच ताफेसे, आम्ही त्यांना आदराने गाशे म्हणतो, नव्या मुलींना डांबरावर पाऊल टाकू देत नाहीत. शहराबाहेर एन्तोतो डोंगरावरच्या जंगलात, मऊ मातीवर, झाडांमधून नागमोडी आणि हळू पळायचं. नजर पुढच्या मुलीच्या टाचांवर. तिचं पाऊल पडेल तसंच आपलं पाडायचं. वुबित मात्र दुपारी सगळ्या झोपल्या की गुपचूप डांबरी रस्त्यावर जाऊन पळून यायची. शेवटी उजवा गुडघा धरला. आमची खोली एकच, म्हणून मला कळलं.

"गाशेंना सांग," मी म्हणाले.

"वेडी का तू? रविवारी बसवतील मला."

"आणि गुडघा कायमचा गेला म्हणजे?"

"तुझा जातोय का? झोप गप!"

मी गाशेंना सांगितलं नाही. सांगावं तर तिचा रविवार जाणार, न सांगावं तर पाय.

त्या आठवड्यात रांगेच्या पुढे पळायची पाळी नेमकी तिची होती. मागे मी, माझ्यामागे आणखी चौघी. गुरुवारी गाशेंनी मध्येच रांग थांबवली.

"वुबित, इकडे ये, माझ्याशेजारी उभी राहा. झेनेबेच, तू पुढे हो. चला."

निलगिरीच्या झाडांना वळसा घालून आम्ही परत येत होतो, तोच वुबित खिदळली. "अगं झेनेबेच, लंगडतेस काय म्हातारीसारखी! उजवा पाय घरी विसरलीस का?"

मी लंगडत होते? मला पत्ताच नव्हता. माझ्या मागचीला बघून ती आणखी हसली. तिसरी आली तेव्हा तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. चौथी, पाचवी येईपर्यंत ती फक्त पायांकडे बघत होती. पाचही जणींचा उजवा पाय एकसारखा, जपून, तिरका पडत होता.

गाशे मात्र आमच्या पायांकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला त्यांचा असा राग आला की ओरडावंसं वाटलं.

वुबित मटकन खाली बसली. गुडघ्यावर हात ठेवून, आमच्याकडे न बघता म्हणाली, "गाशे, रविवारचं माझं नाव काढा. आणि ह्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी मागे पळू द्या."