अल्बममधलं घर

फोटो चौथा. हिरवा सोफा, डाव्या हाताचं कापड उसवलेलं. त्यावर एर्मेस, माझा नवरा, मिशीसकट.

इथे इटलीत दत्तकाच्या फायलीला घराचे फोटो जोडावे लागतात. एका रविवारी अर्ध्या तासात आम्ही अकरा फोटो काढले. संस्थेने ते एका छोट्या अल्बममध्ये लावले आणि फायलीबरोबर कोलंबियाला धाडून दिले. अल्बम आम्ही विसरलो. पुढची तीन वर्षं तिकडून काहीच आलं नाही.

त्या तीन वर्षांचे फोटो नाहीत. सांगते.

वाट बघणाऱ्या माणसाचे हात स्वस्थ बसत नाहीत. आमच्यासारखी सात जोडपी महिन्यातून दोन गुरुवारी पोर्देनोनेला भेटायची. सातही घरांत काही ना काही फोडलेलं किंवा बांधलेलं होतं. साचिले गावच्या जोडप्याने अख्खा व्हरांडा उठवला. आम्ही स्वयंपाकघराची नारिंगी भिंत पांढरी केली. लोखंडी खाट काढून जहाजाच्या आकाराचा पलंग आणला. सोफा देऊन टाकला. एर्मेसने मिशी उतरवली, कारण ती पिकायला लागली होती.

"पोरगं येईल तेव्हा बाप आजोबा वाटायला नको," तो म्हणाला.

मार्चमध्ये संस्थेच्या मारिएल्लाबाईंचा फोन आला. मुलगा. सहा वर्षांचा. नाव विल्मार. एर्मेस तेव्हा कारखान्यात चाकूंना धार लावत होता. मी निरोप दिला, तर त्याने मशीन बंद न करता तिथूनच ओरडून विचारलं, "कोण? कोण मार?"

फोटो दुसरा. नारिंगी भिंत, टेबल, टेबलावर संत्री.

दहा दिवसांनी तिकडच्या मानसतज्ज्ञांचा अहवाल आला. मारिएल्लाबाईंनी तो मला फोनवर वाचून दाखवला. विल्मारला अल्बम दाखवला आहे. तो घेऊनच तो झोपतो. त्याला घर तोंडपाठ आहे. स्वयंपाकघर पिकलेल्या पपईच्या रंगाचं. पापाला मिशी. माझी खाट लोखंडाची.

मी पांढऱ्या भिंतीकडे बघत उभी राहिले.

"अहो, त्यात काय एवढं?" मारिएल्लाबाई म्हणाल्या. "नवे फोटो पाठवा. उलट घर सुधारलंय तुमचं."

"अहवालात पुढे काय आहे?"

पुढे होतं ते असं. चार वर्षांत विल्मार तीन घरांत राहिला. दर वेळी त्याला आधी एक सांगितलं गेलं आणि निघालं दुसरंच. शेवटच्या घरी कोंबड्या आहेत असं सांगितलं होतं. कोंबड्या नव्हत्या. तो आठवडाभर त्या घराच्या अंगणात शोधत फिरत होता.

"नवे फोटो नको," मी म्हटलं. "विमान कधी?"

"सात आठवड्यांनी."

संध्याकाळी एर्मेसला सांगितलं. त्याने पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. मग मिशीच्या जागी बोट फिरवत म्हणाला, "सात आठवड्यांत येईल. भिंतीचं बघ तू."

फोटो सातवा. लोखंडी खाट, निळी चादर.

खाट सासूबाईंच्या परसात सापडली. दिर्चे, माझ्या सासूबाई, रस्त्यापलीकडेच राहतात. त्यांनी खाट उभी करून तिच्यावर वाटाण्याचे वेल चढवले होते.

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "फुलावर आलेत."

"मम्मा, नातवाची खाट आहे ती."

"नातवाला जहाज आणलंत ना? आधी जुनं टाकून नवं करता, मग नवं टाकून जुनं. देवाने तुम्हाला वेळेवर पोर दिलं असतं, तर निदान भिंतींना तरी आराम पडला असता."

बोलून गेल्यावर त्यांनाच ते लागलं. त्या विळा घेऊन आल्या आणि वेल एकेक करून स्वतः सोडवू लागल्या. जहाजाचा पलंग साचिलेच्या जोडप्याच्या व्हरांड्यात गेला. त्यांना अजून संस्थेचा फोन आलेला नाही.

भिंतीचा रंग तिसऱ्या खेपेला जमला. दुकानदाराने पहिला दिला तो गाजराचा, दुसरा विटेचा. शेवटी मी पोर्देनोनेच्या मंडईतून पपई विकत घेतली, कापून त्याच्या काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "हा."

पुन्हा फोटो चौथा.

सोफा गावातल्या सिओर, म्हणजे श्रीयुत, तार्चिझिओंकडे होता. पस्तीस वर्षं त्यांनी चर्चची घंटा वाजवली, आता ते गॅरेजमध्ये बसून सायकलच्या शर्यती बघतात. बसतात अर्थात आमच्या सोफ्यावर.

"दिलेली वस्तू परत मागतात का कुणी?" ते म्हणाले.

"तुम्हाला नवा आणून देतो," एर्मेस म्हणाला.

"नवा नको. यात माझा खड्डा पडलाय. तीन वर्षं लागली तो पडायला."

मी अल्बमची सगळी गोष्ट सांगितली. कोंबड्यांसकट. सिओर तार्चिझिओ ऐकत होते, डोळे टीव्हीवरच. टीव्ही बंद होता.

"मे महिन्यात जिरोची शर्यत सुरू होते," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही तेव्हा कोलंबियात असणार. घराची चावी द्या. सोफा तुमच्याकडे, मी सोफ्यावर."

सोफ्याचा उसवलेला हात त्यांच्या बायकोने शिवून टाकला होता, बारीक, सुबक टाक्यांनी. मी घरी येऊन कात्रीने तो परत उसवला. स्वच्छ शिवण उसवताना कसंतरीच वाटतं.

मिशी आली, पण पांढरी. दिर्चेंनी आपल्या केसांचा रंग आणून मुलाला खुर्चीत बसवलं. "हलू नकोस. बाप होतोयस."

फोटो पहिला. आम्ही दोघं दारात.

बोगोताच्या त्या खोलीत विल्मार आला तो अल्बम पोटाशी धरून. आधी अल्बमकडे बघितलं, मग आमच्याकडे. एर्मेसपुढे उभा राहिला. त्याच्या मिशीवर बोट घासलं, मग बोट उलटसुलट करून तपासलं. रंग निघाला नाही. मी श्वास सोडला.

पुढचे चार आठवडे आम्ही तिथेच एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिलो. रोज नाश्त्याला तो आमची परीक्षा घ्यायचा. सोफ्याचा कुठला हात फाटलाय? संत्री किती? एर्मेस दोनदा नापास झाला.

जूनमध्ये घरी पोचलो. दुपार होती. विल्मारने आम्हाला उंबऱ्यावरच थांबवलं, स्वतः आत गेला आणि मग वळून म्हणाला, "या."

घर त्यानेच आम्हाला दाखवलं. "हे स्वयंपाकघर. हा सोफा." उसवलेल्या जागी बोट घालून बघितलं. "ही माझी खाट." सगळं जागच्या जागी होतं. एर्मेसने माझा हात दाबला.

मग विल्मार इकडेतिकडे बघू लागला. त्याने एक दार उघडलं, ते कपाट निघालं. दुसरं उघडलं, तिथे बटाटे आणि झाडू. खोलीच्या मधोमध येऊन तो गुडघे जुळवून उभा राहिला. चेहरा आवळलेला. मला कळेना. मला वाटलं, आता मोडलं सगळं, काहीतरी राहिलं, आपण विसरलो.

"या घरात," तो रागाने म्हणाला, "शू कुठे करतात?"

अकरा फोटो. संडासाचा फोटो कोण काढतं?

मी दार दाखवलं. तो धावला. आतून तीनदा पाणी सोडल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत ओला होता.

"हे अल्बममध्ये नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं. चुकलं आमचं."

"अजून काय काय नाहीये?"

"बरंच काही."

त्याने अल्बम सोफ्यावर ठेवला. मी पुढे झाले, तर म्हणाला, "सांगू नका." माळ्याचा जिना तो चढून आला. इस्त्रीचं टेबल पाडलं. एका खिडकीतून दिर्चे दिसल्या, त्यांना हात केला. त्या पिशवी खाली ठेवून दोन्ही हात हलवत राहिल्या. मग तळघराचं दार. ते फुगलेलं असतं, माझ्याच्यानेही उघडत नाही. विल्मारने खांदा लावला, दोनदा, तीनदा.

"पापा," तो मागे न बघता म्हणाला, "ढकल ना."