पोथीच्या फडक्यातली कादंबरी

मी बोलतेय ती पोथीच्या लाल फडक्यातून. पण मी पोथी नाही. मी जादूची कादंबरी आहे.

माझा जन्म पुण्यातल्या छापखान्यातला. वनमालेच्या भावानं भाऊबीजेची ओवाळणी म्हणून मला ग्वाल्हेरला आणलं. माधवगंजातल्या ह्या घरी सासूबाईंचं मत ठाम होतं, "सुनेच्या हातात कादंबरी आली की वरण करपलंच." म्हणून वनमालेनं मला पोथीसारखं फडक्यात गुंडाळलं. सातवी शिकलेली ती, ओळीखाली बोट फिरवत वाचते. दुपारी लेकीला, पद्माला, जवळ घेऊन मला उघडायची.

माझ्यात चित्रा नावाची पोर आहे. तिला फुंकर घालून दिवा लावता येतो. विझवता तर कुणालाही येतो. ती वयात येते तशी गुरुआई तिला अनोळखी गावी धाडते. तिथं दिवा लागला, तरच विद्या तिची.

वाचन इथवर आलं आणि पद्माचे बाबा बातमी घेऊन आले. मध्यभारत मोडून नवं राज्य होणार, कचेरी भोपाळला जाणार, त्यांचा तबादला ठरला.

पद्मानं आईला सांगून टाकलं, "चित्राचा दिवा तिकडे नाही लागला, तर मीपण भोपाळला नाही येणार. आजीपाशीच राहीन. पक्का."

वनमालेनं मला पटकन मिटलं. शेवट वाईट निघाला तर? पोर मागे ठेवून जायचं? तिनं ठरवलं, आधी एकटीनं वाचायचं आणि वाईट असेल तर बदलून सांगायचं.

पण त्या दिवशी होती नवमी. सासूबाईंनी फळीवरच्या पोथ्या सरस्वतीपुढे मांडल्या, त्यांत मीही. एकदा पूजेत बसलं की दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत अक्षर वाचायचं नाही. हळदीकुंकू वाहायला त्यांनी माझं फडकं सोडलं आणि मुखपृष्ठावरची चित्रा त्यांच्यासमोर आली.

"ही कुठली देवी?"

वनमालेचा चेहरा उतरला. पद्मा म्हणाली, "आजी, ये चित्रा है. जादू करते."

"तरीच म्हटलं, दुपारची एवढी कसली भक्ती चालते." सासूबाईंनी चित्राच्याही कपाळी कुंकू लावलं. "अक्षरच आहे, बसू दे. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

वनमालेला रात्रभर झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होताच पद्मानं मला उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. सासूबाईही पाट ओढून बसल्या. आधी वाचायला मिळालंच नव्हतं, आता बदलणार काय?

वनमाला ओळीखाली बोट फिरवत वाचू लागली. पहिल्या संध्याकाळी दिवा लागला नाही. दुसऱ्याही नाही. गाव हसलं. मग शेजारीण आली, "अगं, वात कोरडी आहे तुझी," म्हणत तिनं आपल्या पणतीतलं तेल ओतलं. चित्रानं फुंकर घातली. दिवा लागला.

पद्मानं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हणजे पहिल्या दिवशी नाही जमलं तरी चालतं?"

"चालतं गं, बाई."

"मग येते मी. पण तेल?"

"तेलाची बरणी मी देते बांधून," सासूबाई म्हणाल्या.

वनमालेनं मोकळा श्वास घेतला. माझी पानंसुद्धा हलली.

आता मी ट्रंकेत आहे, पद्माच्या झग्यांवर. पानांना हळदीचा वास आहे. फडकं ह्या वेळी सासूबाईंनी स्वतः बांधलं, "प्रवासात मळेल" म्हणून. झाकण लावताना त्या पद्माला म्हणाल्या, "त्या गावात चित्रा रमली का, ते काही ह्यात लिहिलेलं नाही. तू मला कळव हो."

तेवढं कळवा कुणीतरी. मला शेवटापुढचं ठाऊक नसतं.