एक गाणं धाव, एक गाणं चाल

मित्रांनो, मी एक जुना म्युझिक प्लेअर आहे. आगपेटीएवढा, निळा, पाठीला चिमटा असलेला. मला पडदा नाही. पोटात भरलेली साठ गाणी ओळीने वाजवायची, एवढंच मला येतं. पण एके काळी माझी काय ऐट होती म्हणून सांगू! वसईच्या एका कॉलेजात हेमाली धावण्याच्या शर्यतीत पहिली आली आणि बक्षीस म्हणून मी तिच्या हाती पडलो. लग्न होऊन ती गिरीजला आली, तेव्हा मलाही घेऊन आली. रोज सकाळी सासरच्या वाडीतून निघून होळी नावाच्या नाक्यावरच्या बाजारापर्यंत ती न थांबता धावायची. मला वाटायचं, मीच तिला पळवतो.

मग बाळ झालं, तेही सिझेरियनने. मी सुईदोरा आणि गंजलेल्या चाव्यांबरोबर खणात पडून राहिलो. फार वाईट दिवस होते ते.

सहा महिन्यांनी हेमालीने मला बाहेर काढलं. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. व्यायाम शिकवणाऱ्या जॉयस मॅडमनी रीतही सांगितली होती, "घाई नको. एक गाणं धाव, एक गाणं चाल." पण दारात सासूबाई, चंद्रकांताबाई, उभ्या होत्या.

"बाळंतिणीच्या कानात वारा शिरला तर जन्माचं दुखणं लागतं. आणि अंगावरचं दूध आटलं म्हणजे?"

"आई, मी डॉक्टरांना विचारलंय. नाही आटत."

"डॉक्टर येणारेत का बाळाला पाजायला? जायचंच असेल तर कान बांधून जा."

त्यांनी स्वतःच तिच्या कानांवरून सुती रुमाल करकचून बांधला. माझे इअरफोन जुने, सारखे गळून पडायचे. रुमालाखाली ते असे घट्ट बसले की विचारू नका! वारा अडवता अडवता बाईंनी माझंच काम सोपं केलं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पहिल्या दिवशी अर्धं गाणंसुद्धा झालं नाही. हेमाली केळीच्या बांधावर बसून रडली. "हे पाय माझे राहिलेच नाहीत," ती म्हणाली. धावणं ही एकच गोष्ट तिची स्वतःची होती, आणि तीच कायमची गेली की काय, या भीतीने ती रडत होती. मला फार वाईट वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. नवरा भावेश बाळाला खांद्यावर टाकून वाडीत फेऱ्या मारायचा आणि ही रस्त्यावर. चालायची गाणी हळूहळू कमी होत गेली. अशा चिकाटीला मी मनापासून हात जोडतो, म्हणजे मला हात असते तर!

एका रविवारी ती भावेशला म्हणाली, "आज होळीच्या बाजारापर्यंत. न थांबता."

अर्ध्या वाटेवर माझी बॅटरी संपली. आदल्या दिवशी मला चार्जिंगला लावायचं ती विसरली होती. झालं, आता ही थांबणार, असं मला वाटलं. तिने मला एकदा दाबून पाहिलं आणि ती तशीच धावत राहिली. फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ती ही! माझी सगळी शेखी त्या रस्त्यावर उतरली आणि तिचा अभिमान तेवढा उरला.

बाजारात चंद्रकांताबाई अळूच्या जुड्या मांडत बसल्या होत्या. शेजारच्या हंसाबाई घाबरून ओरडल्या, "अगं, तुझी सून पळत आली! बाळाला काय झालं का?"

चंद्रकांताबाईंनी घामाने निथळणाऱ्या सुनेकडे नीट पाहिलं.

"काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "गिरीजपासून धावत आलीय ती. उद्यापण येईल."

मित्रांनो, मी आता थकलोय. माझी गाणी अधूनमधून अडकतात. मला जपा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरातली आई, मावशी किंवा वहिनी बूट घालून दाराशी आली, तर पटकन बाळाला आपल्याकडे घ्या. आणि "लवकर ये" एवढं मात्र तिला म्हणू नका.