गल्लीच्या तोंडावरचा चोथा

रुइझेनच्या जिभेची चव कधीच मेली होती. लग्नानंतर वर्ष उलटलं तेव्हापासून ती काढा पीत होती; सकाळी वाडगाभर, संध्याकाळी वाडगाभर. गर्भाशय गार पडलंय, म्हणून ऊब आणणाऱ्या मुळ्या, साली, लाल बोरं. पोट काही दिसलं नाही. आता तिला कडू काय नि गोड काय.

काढा गाळला की सासूबाई चोथा नेऊन गल्लीच्या तोंडावर ओतायच्या, भर रस्त्यात. जाणारे-येणारे तो तुडवतात, त्यांच्या तळव्याला चिकटून दुखणं घराबाहेर जातं, अशी तिथली रीत. रीत कसली, दवंडीच ती! कोपऱ्यावर सूर्यफुलाच्या बिया दाताने फोडत बसलेली शेजारची चौथी काकू नुसता चोथा बघून सांगायची, कुणाच्या घरात काय बिघडलंय.

"काय गं रुइझेन, अजून मुळ्याच? एवढ्या खतात दगडालासुद्धा मोड आले असते!"

रुइझेन हसायची. हसून टाकलं की लवकर सुटका व्हायची.

वसंताच्या सणापर्यंत, म्हणजे नव्या वर्षापर्यंत, दिवस राहिले नाहीत तर तिला माहेरी पाठवायची, हे घरात ठरलं होतं. दुसऱ्या मुलीचा फोटोही येऊन पडला होता.

त्या शरदात म्हाताऱ्या वैद्य पेंगनी तिची नाडी धरली, सोडली आणि म्हणाले, "हिला पुरे. नवऱ्याला आणा."

चांगशेंग आला. त्याची नाडी त्यांनी बराच वेळ सोडली नाही. मग पुडी बांधली, तिच्यात बोटभर लांबीचे वाळलेले समुद्री घोडे टाकले. "बीज पातळ आहे. बाईत खोट नाही."

सासूबाईंनी पुडी कोटाच्या आत कोंबली. घरी येताच म्हणाल्या, "म्हातारा भ्रमिष्ट झालाय. कुठे बोलायचं नाही. आणि तुझा काढा बंद करू नकोस. नाहीतर लोक विचारतील, सून पीत नाही, मग घरात उकळतंय कुणासाठी?"

चांगशेंग बुटाची नाडी बांधत राहिला.

फोटो खणातच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुइझेन चुलीपाशी आली, तर सासूबाई चांगशेंगच्या काढ्याच्या चोथ्यातून चॉपस्टिकने समुद्री घोडे वेचून बशीत ठेवत होत्या. उकळूनही त्यांची माना वाकवलेली आकृती तशीच होती. ते कुणाचं औषध, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"आई, वेचताय कशाला?"

"मग काय, माझ्या मुलाची अब्रू रस्त्यावर ओतू? हे चुलीत घालते. उरलेला तुझ्या चोथ्यात मिसळून टाक जा."

म्हणजे इतकी वर्षं माझं काय ओतत होतात? रुइझेनच्या मनात आलं. राग यायला हवा होता, तो आला नाही. सासूबाई कोळसा आणायला मागे गेल्या. तिने बशीतले घोडे उचलून चोथ्यात परत टाकले आणि मडकं घेऊन निघाली.

गल्लीच्या तोंडावर तिने ते पालथं केलं आणि घोडे अगदी वर मांडले.

चौथ्या काकूच्या दातात बी तशीच राहिली. "अगं बाई... हे तर..."

"हो," रुइझेन म्हणाली.

तिच्या चोथ्याला आजवर कुणी वळसा घातला नव्हता. हातगाड्या त्यावरून जायच्या, बाप्ये त्यावर थुंकायचे. आज एकेक बाप्या तिथे येऊन थबकत होता आणि पॅन्ट वर उचलून भिंतीकडेने जात होता. आपल्याला चिकटलं तर! बायकांचं दुखणं खुशाल तुडवणारे हे वाघ!

चांगशेंग सायकलवरून आला. उतरला. खाली बघितलं, मग काकूकडे, मग बायकोकडे.

"कुणी टाकलं?"

"मी."

"आईने सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

त्याने सायकल खांद्यावर घेतली आणि तोही भिंतीकडेने घरात गेला.

मग रुइझेनने स्वतःच त्यावर पाय दिला. कापडी जोड्याखाली काहीतरी कुरकुरलं.

संध्याकाळी सासूबाईंनी चुलीवर एकच मडकं चढवलं. एक वाडगा भरला, तो चांगशेंगपुढे आदळला. खणातला फोटो चुलीत जळत होता. रुइझेनने भात वाढून घेतला. घास तोंडात धरून बराच वेळ चव शोधली. लागली नाही.

तिने दुसरा घास घेतला.