सतरा नंबरची तळटीप

तो आकडा अगदी बारीक होता – ओळीच्या शेवटी, पूर्णविरामाच्या डोक्यावर चढून बसलेला, मुंगीएवढा सतरा. चष्मा कपाळावर सरकवून, पुस्तक नाकाशी नेऊन तिने तो पाहिला आणि उगाचच बोटाने पुसूनही पाहिला. निघाला नाही. जाड लाल पुठ्ठ्याचं ते पुस्तक ती नऊ वर्षं हाताळत होती, हे पान तर आताशा आपोआप उघडायचं, आणि नऊ वर्षं तो सतरा तिथेच होता.

सकाळी अकराला चार नंबरच्या वॉर्डातून सिस्टरचा फोन आला होता. हृदयाचे ठोके आवरणारी गोळी चालू असलेल्या एका बाईंना जंतूंवरचं एक इंजेक्शन सुरू करायचंय, दोन्ही बरोबर दिलेली चालतील का? तिने लाल पुस्तक उघडलं, सवयीने दुसरं निळं उघडलं, मग संगणकावर पाहिलं... तिन्हीकडे एकच – एकत्र दिल्याने अपाय आढळलेला नाही. ‘चालेल,’ ती म्हणाली. ‘बरं झालं बाई, चार वाजता पहिला डोस लावते,’ म्हणून सिस्टरने फोन ठेवला. दोन मिनिटांचं काम. औषधांबद्दल कुणीही काहीही विचारावं आणि तिने पुस्तकांत बघून सांगावं, यासाठी तर इस्पितळाने तिला ही खोली दिली होती. पूर्वी इथे चादरी ठेवत, कपाटाला अजून साबणाचा वास येतो. फोनवर ती ‘चालेल’ नाहीतर ‘चालणार नाही’ एवढंच बोलते, म्हणून अख्ख्या इस्पितळात तिला चालेलबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. पण तिला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते आवडतंही.

हे सगळं त्या रकान्यामुळे झालं. नव्या प्रमुखांनी नोंदवहीत एक रकाना वाढवला होता, ‘मूळ संदर्भ’. नुसतं पुस्तकाचं नाव लिहून भागणार नाही, पुस्तकाने ते कशाच्या जोरावर लिहिलं, ते शोधून लिहा. ‘पुस्तकं काय आकाशातून पडतात का, मॅडम?’ असं ते बैठकीत म्हणाले तेव्हा सगळे हसले, तीही हसली. आणि आज डबा खाऊन, हात पुसून, दीड वाजता वहीतल्या सकाळच्या नोंदी पुऱ्या करताना तिने त्या सतराचा माग काढत पुस्तकाच्या मागची यादी उघडली. सतरा. नियतकालिकाचं नाव, साल, पान... आणि सगळ्यांच्या आधी, स्वल्पविरामाच्या डाव्या बाजूला, तिचं माहेरचं आडनाव.

निळ्या पुस्तकात तळटिपेचा नंबर वेगळा होता, पण तिच्या मागे तेच आडनाव. संगणकावर निळ्या अक्षरांवर बोट दाबलं – तेच. तीन साक्षीदार म्हणून आजवर ज्यांच्यावर ती विसंबली, त्या तिघांच्याही कानात सांगणारी एकच होती. मी. बावीस वर्षांपूर्वीची मी, दोन वेण्यांच्या जागी नुकताच एक शेपटा घालायला लागलेली, पांढऱ्या कोटाची इतकी हौस की घरी येईस्तोवर तो अंगातून न काढणारी...

ते काही मोठं संशोधन नव्हतं. नियतकालिकाला पाठवलेलं दीड पानाचं पत्र होतं. अकरा रुग्णांना ही दोन्ही औषधं बरोबर दिली, कुणालाही अपाय झाला नाही. बाबांनी ते पान काचेच्या चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं होतं, आणि आल्यागेल्याला, अगदी मीटर वाचायला आलेल्या माणसालाही, ‘आमच्या कन्येचं’ म्हणून दाखवायचे. त्यातलं अक्षरही त्यांना कळत नव्हतं. अकरा हा आकडा तेवढा कळायचा. तो ते काचेवर बोट ठेवून वाचून दाखवायचे.

रुग्णांची कार्डं बारा होती.

बारावं कार्ड एका शिंप्याचं. शिंपीकाका. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या कोटाचं लोंबणारं बटण हेरलं – ‘पोरी, इकडे ये, असं घेऊन हिंडू नये’ – आणि उशाखालच्या पिशवीतून सुई-दोरा काढून, पलंगावर बसल्या बसल्या, तिला कोट काढूही न देता टाका घालून दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती नाडी मोजायला गेली तेव्हा म्हणाले, ‘पोरी, पंखा बंद कर गं, छत फिरतंय.’ पंखा बंदच होता. नाडी अडतीस. ती धावत सुटली, डॉक्टर आले, इंजेक्शन बंद केलं. संध्याकाळी त्यांची मुलगी आली आणि घरीच नेते म्हणून हट्टाने घेऊन गेली. पुढे काय झालं? विचारायला गेली नाही ती. पत्ता कार्डावर होता, आणि ती गेली नाही... तो अभ्यास करवून घेणारे सर म्हणाले, ‘वय झालं होतं त्यांचं. घरी गेले म्हणजे आपल्या अभ्यासातून गेले. त्यांना कशाला मोजतेस?’ किती सरळ वाटलं होतं तेव्हा. सरांनी कार्ड हातातून घेतलं, खणात टाकलं. आता सरही नाहीत आणि तो खणही नसेल.

मग हीच औषधं पुस्तकात एकत्र दिसली तेव्हा तुला काहीच कसं आठवलं नाही? आठवलं होतं. खोटं का बोलायचं. पहिल्यांदा ती ओळ वाचली तेव्हा शिंपीकाका डोळ्यांपुढे आले होते, आणि लगेच तिने स्वतःची समजूत घातली होती – नंतर कुणीतरी मोठं, नीट काम केलं असणार, शेकडो माणसांवर, त्याशिवाय का पुस्तकात येतं? आपल्या दीड पानाला कोण विचारतंय. मागची यादी उघडायला अर्धं मिनिट लागतं. नऊ वर्षांत ते अर्धं मिनिट मिळालं नाही. कितीजणांना ‘चालेल’ म्हणाले असेन मी? दहा? तीस?

अडीच वाजता ती बसून होती. पावणेतीनला तिने शोध घेऊन पाहिला – या दोन औषधांवर दुसरं काही काम, दुसरा कुणी... कुणीच नाही. भीतीतही मनाचा एक कोपरा शांतपणे हिशेबी झाला होता, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. नियतकालिक, साल, पान, एवढं रकान्यात लिहावं. प्रमुख बरोबरची खूण करतील. दारावर सासरचं आडनाव आहे. ते दुसरं आडनाव इथे कुणाच्या बापाला ठाऊक नाही. आणि बारापैकी एकालाच तर झालं होतं. त्या बाईंना काही होणारही नाही कदाचित. पण कोण बाई? तिने त्यांना पाहिलंही नव्हतं. खाटेवर पडून त्या आता छताकडे बघत असतील, एवढं मात्र तिला दिसलं, आणि ते डोळ्यांपुढून हलेना.

फोन उचलला तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

‘सिस्टर, सकाळचं ते इंजेक्शन... देऊ नका.’

‘अहो, पण तुम्हीच चालेल म्हणालात ना? मी सगळं काढून ठेवलंय.’

‘हो. म्हणाले.’

‘पुस्तकात नको म्हटलंय का?’

‘पुस्तकात चालेलच म्हटलंय.’

पलीकडे ट्रॉलीचं चाक करकरलं आणि थांबलं. सिस्टरचा आवाज बदलला. ‘मॅडम, बरं आहे ना तुम्हाला? डॉक्टर मला विचारणार. कशाच्या आधाराने थांबवलं म्हणून लिहू?’

आधार. नऊ वर्षांत या फोनवर तिने एकही वाक्य असं उच्चारलं नव्हतं, की जे कुठल्या तरी पानावर आधीच छापलेलं नव्हतं. आणि बारावा माणूस कुठल्याच पानावर नव्हता. कार्ड नव्हतं, खण नव्हता. तो होता फक्त माझ्या डोक्यात, आणि तिथेही... नाडी अडतीसच होती ना? का अठ्ठेचाळीस? मघापर्यंत ती पकडली जाण्याला भीत होती. आता तिला वाटलं, निदान पकडलं तरी जावं. कारण याहून भयंकर म्हणजे सिस्टर हसेल, बरं म्हणेल, आणि चार वाजता लाल पुस्तकाचं ऐकेल.

‘मॅडम? काय लिहू?’

समोर तिन्ही उघडी होती, लाल, निळं आणि संगणकाचा पडदा, पण वाचून दाखवण्यासारखं त्यांत काही नव्हतं. तिचा हात कोटाच्या बटणाकडे गेला. हा कोट वेगळा, बटणही वेगळं.

‘लिहून घ्या,’ ती म्हणाली. ‘एक शिंपीकाका होते...’